उमेदवाराचा धर्म आणि मतदाराची शंका

(अभ्यासपाठ : कुटुंबात एकत्र बसून वाचण्यासाठी)



आपण अलीकडेच दीक्षा घेतलेली आहे. त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा आपण उच्चारल्या. घरातील देव्हारा निघाला, भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा लागली. हा आपल्या घरातील बदल झाला. परंतु घराला दार असते, आणि दाराबाहेर गाव असते. आपल्या घरातले कोणी निवडणुकीला उभे राहिले, तर ज्या गावाने काल आपली दीक्षा पाहिली तेच गाव उद्या आपल्याकडे उमेदवार म्हणून पाहते. तेव्हा एक प्रश्न हमखास विचारला जातो. त्या प्रश्नाची तयारी आपण आजच करावी, यासाठी हा पाठ आहे.

१. प्रश्न कसा येतो

समजा, कर्जत तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आपल्या घरातील सून उभी आहे. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत, तेव्हा ही कल्पना काही दूरची नाही. ती प्रचाराला आगरी आळीत जाते. ओसरीवर बसलेले वृद्ध गृहस्थ तिला प्रेमानेच विचारतात, "काय गो पोरी, तुम्ही आता देव मानीत नाही म्हणतात. मग निवडून आलीस तर जत्रेचा नारळ कोण फोडील? देवळाच्या सभामंडपाला पैसे मंजूर करशील का अडवशील?"

या प्रश्नात द्वेष असेलच असे नाही. बहुतेक वेळा त्यात भीती असते. आपल्या गावचे जे आहे ते या मुलीच्या हाती सुरक्षित राहील का, एवढेच त्या गृहस्थांना जाणून घ्यायचे असते. काही वेळा मात्र हाच प्रश्न दुसऱ्या पक्षाचा माणूस मुद्दाम पेरतो. आपण आधी हे ओळखले पाहिजे की, भीतीने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचे असते आणि कपटाने पेरलेल्या प्रश्नाला शांतपणे उघडे पाडायचे असते. दोहोंना एकच उत्तर दिले तर भ्यालेला माणूस दुखावतो आणि कपटी माणूस हसतो.

पुष्कळांना वाटते, जागा राखीव असली म्हणजे हा प्रश्न येणार नाही. ही समजूत चुकीची आहे. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या. पुढे संविधानाच्या ३२५ व्या अनुच्छेदाने सर्वांसाठी एकच मतदारयादी ठेवली. म्हणजे उमेदवारी राखीव असली तरी मत सर्वांचे असते. आपल्या रायगड जिल्ह्यात तर विधानसभेची एकही जागा अनुसूचित जातींसाठी राखीव नाही. कर्जतची जागाही सर्वसाधारण आहे. मराठा, आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी, मुसलमान, बौद्ध या सर्वांपुढे जाऊनच येथे कोणाही उमेदवाराला मत मागावे लागते.

२. सिंह सेनापतीची गोष्ट

हा प्रश्न आजचा नाही. तो भगवान बुद्धांच्या हयातीतच उठला होता. वैशालीच्या लिच्छवींचा सेनापती सिंह हा निगंठांचा, म्हणजे महावीरांच्या संघाचा, उपासक होता. लिच्छवींच्या संथागारात, म्हणजे त्यांच्या सभागृहात, बुद्धांची स्तुती त्याच्या कानी पडली आणि त्यांना भेटावेसे त्याला वाटले. दोनदा त्याला परावृत्त करण्यात आले. तिसऱ्या खेपेस तो कोणाला न विचारता गेला.

गेल्यावर त्याने काय केले, हे नीट पाहा. त्याने प्रथम आपली शंकाच विचारली. लोक म्हणतात की आपण अक्रियावाद शिकवता, हे खरे आहे की ती आपली निंदा आहे? बुद्ध रागावले नाहीत. कोणत्या अर्थाने हे म्हणणे बरोबर आहे आणि कोणत्या अर्थाने नाही, हे त्यांनी उकलून सांगितले. अकुशल कर्म न करण्याची शिकवण मी देतो, त्या अर्थी मी अक्रियावादी. कुशल कर्म करण्याची शिकवण देतो, त्या अर्थी क्रियावादी. आरोपाला आरोपाने उत्तर नाही, शब्दाचा अर्थ उघड करून उत्तर.

सिंहाने शरण जाण्याची इच्छा दर्शविली तेव्हा बुद्ध म्हणाले की, नीट विचार करून ठरव. तुझ्यासारख्या नामांकित माणसाने विचारपूर्वकच वागणे योग्य. येथे कोणी दुसरा असता तर सेनापती आपल्या पंथात आला म्हणून नगरभर पताका मिरविल्या असत्या, असे सिंह स्वतःच म्हणतो. आणि पुढची गोष्ट तर प्रत्येक नवदीक्षित कुटुंबाने मनावर कोरून ठेवावी. बुद्धांनी त्याला सांगितले, तुझे घर निगंठांना दीर्घकाळ आधार देत आले आहे. ते दारी आले तर त्यांना पूर्ववत दान देत राहा.

दुसऱ्या दिवशी सिंहाने भोजन दिले. त्यासाठी मांस बाजारातून आणले होते. परंतु वैशालीच्या चौकाचौकांत हाकाटी झाली की, सेनापतीने गौतमासाठी मोठे जनावर मारले. सिंहाने एवढेच सांगितले की, आम्ही जिवासाठीही जाणूनबुजून प्राण्याचा घात करणार नाही. त्याने ना मोर्चा काढला, ना निगंठांचे दान बंद केले.

ही कथा बौद्धांच्या ग्रंथातील आहे, म्हणून निगंठांची बाजू तीत आपल्या बाजूने सांगितलेली असणार, हे आपण प्रामाणिकपणे ध्यानात ठेवावे. आज जैन बांधवांना नावे ठेवण्यासाठी ती सांगू नये. तीतून घ्यावयाचा धडा असा की, सार्वजनिक माणसाने धर्म बदलला की अफवा उठणारच. तिला उत्तर म्हणजे एक सरळ वाक्य आणि न बदललेले सौजन्य.

३. धर्म लपवावा लागला तो काळ

आता आपल्या स्वतःच्या इतिहासाकडे येऊ. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली व लाखोंना दिली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी लोकांच्या मनातील एका धास्तीला हात घातला. धर्मांतर केले तर सवलती जातील, अशी ती धास्ती होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, हे हक्क मीच मिळवून दिले आहेत आणि ते पुन्हा मिळविण्याची हिंमत माझ्यात आहे. तुम्ही विश्वास ठेवा. दोन महिन्यांनी, ६ डिसेंबरला, ते गेले. तो भार समाजावर पडला.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता, १९५६ मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला. बौद्ध त्यात नव्हते. महाराष्ट्र राज्याने १९६० मध्ये नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या, परंतु लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागा केंद्राच्या आदेशाखाली येत. त्यामुळे विचित्र स्थिती झाली. ज्या माणसाने सभेत धम्मपालनाची शपथ घेतली, त्यालाच राखीव जागेच्या अर्जावर आपण हिंदू आहो असे दाखवावे लागे.

याचा मोठा दाखला डॉ. डी. पी. मेश्राम यांचा आहे. १९६२ च्या निवडणुकीत ते विदर्भातील राखीव जागेवरून विधानसभेत निवडून आले. पंजाबराव यांनी त्या निवडीस आव्हान दिले. १९५७ मध्ये नागपूर येथे मेश्राम यांनी जाहीरपणे बौद्ध धम्म स्वीकारला, म्हणून ते या जागेस पात्र नाहीत, असा आक्षेप होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६४ मध्ये निकाल मेश्राम यांच्या विरुद्ध लागला. न्यायालयाच्या मते धर्म 'मानणे' याचा अर्थ तो उघडपणे जाहीर करणे किंवा आचरणे असा होतो. ज्याने आपण हिंदू राहिलो नाही असे सांगितले, त्याला त्या आदेशाचा लाभ मिळणार नाही.

बंधूंनो, याचा अर्थ नीट समजून घ्या. मतदारांनी मेश्राम यांना नाकारले नव्हते, मतदारांनी त्यांना निवडून दिले होते. अडचण मतदाराची नव्हती, कागदाची होती. परंतु या कागदाने समाजाला एक वाईट सवय लावली. सभेत बौद्ध, अर्जात हिंदू. घरात पंचशील, दाखल्यावर जुनी नोंद. विरोधकांच्या हाती त्यामुळे एक वाक्य आयते पडले, "यांचा धर्म तरी कोणता ते यांनाच ठाऊक नाही." ज्यांनी असे केले त्यांना आज आपण दोष देऊ नये. त्यांना खोटे बोलायला लावणारी व्यवस्था होती. मुलांची शाळा, नोकरी आणि समाजाचा आवाज यांसाठी त्यांनी ते सोसले.

१९९० मध्ये केंद्राने कायदा दुरुस्त केला आणि अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा समावेश आदेशात झाला. चौतीस वर्षांनी तो पेच सुटला. म्हणून आज आपल्यापैकी कोणाला राखीव जागा लढविण्यासाठी धम्म लपविण्याचे कारण उरलेले नाही. आपल्या घरातील कागद मात्र वेळीच पाहून ठेवा. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो व त्याची पडताळणी जिल्हा समिती करते. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच तेथे जाऊन रीतसर चौकशी करावी.

याच काळातील दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दीक्षेनंतर काही महिन्यांतच, १९५७ च्या निवडणुकीत, दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न तेव्हा सर्वांचा होता, आणि त्यांच्या पक्षाने तो आपला मानला होता. पुढे १९५९ मध्ये व पुन्हा १९६४-६५ मध्ये त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. १९९८ मध्ये रिपब्लिकन चळवळीचे चार नेते, प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले व जोगेंद्र कवाडे, लोकसभेवर गेले. या चारही जागा सर्वसाधारण होत्या. इतर पक्षांशी केलेली युती त्यामागे होती हे खरे. तरीही एवढे सिद्ध झाले की, उमेदवार बौद्ध आहे म्हणून बौद्धेतर मतदार मत देतच नाही, हा समज निराधार आहे.

४. आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण

अल्पसंख्य धर्माच्या माणसाने बहुसंख्य मतदारांपुढे कसे जावे, याचे उदाहरण शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. बॅरिस्टर ए. आर. अंतुले हे आपल्याच जिल्ह्यातील आंबेतचे. ते महाराष्ट्राचे पहिले मुसलमान मुख्यमंत्री. जून १९८० पासून जानेवारी १९८२ पर्यंत ते त्या पदावर होते. पुढे १९८९, १९९१, १९९६ व २००४ असे चार वेळा कुलाबा मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठविले. मतदारांत हिंदूंची संख्या फार मोठी असताना हे घडले.

त्यांनी शंकेला दोन प्रकारे उत्तर दिले. एक प्रकार प्रतीकांचा होता. त्यांच्या कारकिर्दीत १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, आणि शिवाजी महाराजांची भवानी तलवार इंग्लंडहून परत आणण्याचा विषय त्यांनी गाजविला. तलवार काही आली नाही. दुसरा प्रकार कामाचा होता. निराधार वृद्ध, विधवा व अपंग यांना दरमहा आर्थिक साहाय्य देणारी संजय गांधी निराधार योजना १९८० मध्ये त्यांच्याच काळात सुरू झाली. ती आजही चालू आहे आणि कर्जत-खालापूरच्या कितीतरी वाड्यांत म्हाताऱ्या माणसांच्या हाती त्या योजनेचे पैसे पडतात.

या दोहोंपैकी कोणते उत्तर अधिक टिकले, हे आपणच ठरवा. प्रतीक कमी लेखू नका. शिवाजी महाराज कोणा एका धर्माचे नाहीत, ते महाराष्ट्राचे आहेत, असे एक मुसलमान मुख्यमंत्री म्हणतो तेव्हा त्याला अर्थ असतो. परंतु प्रतीकाने दिलेले उत्तर पुन्हा पुन्हा द्यावे लागते. आज तलवार, उद्या आरती, परवा टिळा. मागणी वाढत जाते, आणि एक दिवस नाही म्हटले की पहिली शंका जशीच्या तशी उभी राहते. महिन्याच्या महिन्याला घरी येणारे साहाय्य मात्र देणाऱ्याचा धर्म विचारायला कोणाला लावीत नाही.

५. सातासमुद्रापलीकडे

अमेरिकेत हाच प्रश्न दुसऱ्या रूपात आला. तेथे बहुसंख्य ख्रिस्ती प्रॉटेस्टंट पंथाचे. १९२८ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर आल्फ्रेड स्मिथ अध्यक्षपदासाठी उभे राहिले, ते कॅथलिक. हा माणूस निवडून आला तर रोमच्या पोपचा हुकूम अमेरिकेत चालेल, अशी भीती पसरविण्यात आली. ते पराभूत झाले. पराभवाची कारणे आणखीही होती, परंतु कॅथलिक माणसाने अध्यक्षपदाच्या वाटेस जाऊ नये, असा समज त्यानंतर दृढ झाला.

१९६० मध्ये जॉन केनेडी उभे राहिले, तेही कॅथलिक. १२ सप्टेंबर १९६० रोजी ते ह्यूस्टन शहरात प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांच्या सभेत स्वतः गेले. ज्यांच्या मनात शंका होती त्यांच्याच पुढे ते बोलले. त्यांनी आपला धर्म लपविला नाही व त्याबद्दल क्षमाही मागितली नाही. मी कॅथलिकांचा उमेदवार नाही, पक्षाचा उमेदवार आहे व कॅथलिकही आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश. सार्वजनिक प्रश्नावर धर्मगुरू मला आदेश देणार नाहीत. आणि कधी माझी सदसद्विवेकबुद्धी व राष्ट्रहित यांत असा विरोध आला की दोन्ही पाळणे अशक्य झाले, तर मी पद सोडीन, असेही त्यांनी सांगितले. शिवाय भूक, दारिद्र्य, शाळा हे खरे प्रश्न या वादाखाली झाकले जात आहेत, हे त्यांनी सुरुवातीलाच दाखवून दिले. ते थोडक्या मतांनी निवडून आले.

त्यांचे उत्तर तीन पायऱ्यांचे होते, ते मुलांकडून पाठ करून घ्यावे : माझा धर्म अमुक आहे, माझे पद सर्वांचे आहे, आता खऱ्या प्रश्नाकडे वळू.

६. कायदा काय म्हणतो

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १२३ वे कलम भ्रष्ट आचार कोणते ते सांगते. त्यातील दोन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. उमेदवाराने धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारे मत मागणे अथवा देऊ नका म्हणणे, हा भ्रष्ट आचार आहे. तसेच अमक्याला मत दिले तर देवाचा कोप होईल, अशी समजूत करून देऊन मतदारावर दडपण आणणे, हाही भ्रष्ट आचार आहे. नारळावर किंवा भंडाऱ्यावर हात ठेवायला लावून मतांच्या शपथा घेण्याची रीत खेड्यापाड्यांत आढळते. तिच्या मुळाशी हीच देवाच्या कोपाची धास्ती आहे.

'हा आपल्या धर्माचा खरा नाही' असे म्हणून मते मागण्याचा प्रकारही न्यायालयापुढे आलेला आहे. १९७२ मध्ये मुंबईच्या कुंभारवाडा मतदारसंघात झियाउद्दीन बुखारी निवडून आले. प्रतिस्पर्धी शौकत छागला हेही मुसलमानच. परंतु ते आपल्या धर्माला धरून वागत नाहीत, अशा आशयाचा प्रचार बुखारींनी भाषणांतून केला. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये त्यास भ्रष्ट आचार ठरविले व निवड रद्द झाली ती कायम राहिली. हा निकाल आपण विशेष लक्षात ठेवावा, कारण 'तो खरा बौद्ध नाही, मी खरा बौद्ध' असे आपल्यातही बोलले जाते. पुढे २ जानेवारी २०१७ रोजी, मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघातील १९९० च्या निवडणुकीवरून निघालेल्या प्रकरणात, सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरविले की, उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येणार नाही.

हा कायदा लोकसभा व विधानसभेच्या निवडणुकांचा आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती व नगरपरिषदेच्या निवडणुकांतही आचारसंहिता धार्मिक भावनेला आवाहन करण्यास मनाई करते.

आणखी एक बाब. आमदार-खासदाराच्या उमेदवाराला शपथ घ्यावी लागते. संविधानाच्या तिसऱ्या परिशिष्टात तिचे दोन पर्याय आहेत : ईश्वराच्या नावाने शपथ, किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन. दुसरा पर्याय पहिल्यापेक्षा कमी नाही. जो ईश्वर मानीत नाही त्याचा शब्दही तितकाच पक्का, हे आपल्या संविधानाने मान्य केलेले आहे.

७. मग सुनेने काय सांगावे?

आता पुन्हा त्या ओसरीवर येऊ. सम्यक वाचेचे चार नियम आपल्याला ठाऊक आहेत : असत्य नको, चहाडी नको, कठोर शब्द नको, वायफळ बडबड नको. या चारांत बसणारे उत्तर असे असू शकेल :

"काका, मी बौद्ध आहे. पूजा मी करणार नाही, आणि केल्याचे सोंगही करणार नाही. नारळ गावाने ज्याला मान दिला आहे त्यानेच फोडावा. पण जत्रेला येणाऱ्या माणसाला पाणी मिळावे, रस्त्यावर दिवा असावा, बायकांना अडचण होऊ नये, हे माझे काम आहे आणि ते मी करीन. कायद्यात बसते ते गावाच्या ठरावाने होईल. माझ्या धर्मामुळे काही अडणार नाही."

यात धम्माशी तडजोड आहे काय? मुळीच नाही. महापरिनिब्बान सुत्तात बुद्धांनी वज्जींच्या उत्कर्षाची सात कारणे सांगितली. एकत्र जमणे, एकमताने काम करणे, स्त्रियांवर बळजबरी न करणे यांबरोबरच आपल्या नगरातील व बाहेरील चैत्यांचा मान राखणे हेही त्यांत आहे. सम्राट अशोकानेही आपल्या बाराव्या शिलालेखात सांगितले की, दुसऱ्याच्या पंथाची निंदा करणारा आपल्याच पंथाची हानी करतो. खालापूर तालुक्यात महडला वरदविनायकाचे देऊळ आहे. माघी गणेश जयंतीला तेथे लोटणाऱ्या गर्दीची सोय पाहणे हे लोकप्रतिनिधीचे कर्तव्य आहे. गणपतीची पूजा करणे हे नाही. आपल्या प्रतिज्ञा पूजेच्या आड येतात, पाण्याच्या नळाच्या आड येत नाहीत.

काही जण म्हणतील, "तुमचा धर्म कालचा, बाहेरचा." त्यांना कर्जत तालुक्यातील कोंढाणे लेणी दाखवा. राजमाचीच्या पायथ्याशी उल्हासच्या खोऱ्यात ती सुमारे दोन हजार वर्षांपासून उभी आहेत. कण्हाचा शिष्य बलक याने ते काम केले, असा लेख तेथील दगडावर आहे. धम्म येथे पाहुणा नाही. परंतु येथेच थांबा. 'आम्ही आधीचे, तुम्ही नंतरचे' असे म्हणू लागलात, तर जी युक्ती आपल्यावर चालविली गेली तीच आपण दुसऱ्यावर चालविली असे होईल.

आणि शेवटी खऱ्या प्रश्नाकडे वळा. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली आणि झोपेतली माणसे गाडली गेली. डोंगराखाली आणखी कोणत्या वाड्या आहेत, तेथवर रस्ता जातो का, पावसाळ्यात सूचना वेळेवर पोचते का, हे विचारणारा सदस्य आपल्याला हवा. उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी चालणारी कातकरी बाई पंचायतीत कोणता धर्म बसला आहे हे विचारीत नाही. नळ का कोरडा, एवढेच विचारते.

८. आपण मतदार असतो तेव्हा

पाठ येथे संपला असता तर तो अपुरा राहिला असता. दुसऱ्याने आपल्या उमेदवाराचा धर्म पाहू नये असे म्हणणारे आपण, मत देताना काय पाहतो? 'आपला आहे' म्हणून डोळे झाकून मत देतो काय? 'आपला नाही' म्हणून कामाचा माणूस नाकारतो काय? कालामांना बुद्धांनी सांगितले होते की, ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून, गुरू म्हणतो म्हणून काही स्वीकारू नका. हिताचे की अहिताचे ते स्वतः पारखून घ्या. हे मतपेटीलाही लागू आहे. जो उमेदवार जयंतीला निळा फेटा बांधतो व एरवी वस्तीकडे फिरकत नाही, त्याचा जयभीम हा आपल्यासाठी मांडलेला नारळच आहे. त्याला तोच प्रश्न विचारा जो काकांनी सुनेला विचारायला हवा होता : निवडून आलास तर काय करशील, आणि मागच्या वेळी काय केलेस?

धर्म हा माणसाच्या शीलाचा पाया आहे, मताचा सौदा नाही. आपला धम्म उघड सांगा, दुसऱ्याचा मान राखा, आणि बोलण्याला कामाची साक्ष द्या.

कुटुंबात चर्चा करण्यासाठी प्रश्न

१. सिंह सेनापतीने अफवेला काय उत्तर दिले? आपल्या आळीत अशी अफवा उठली तर आपण काय कराल?

२. १९५६ ते १९९० या काळात धर्म लपवावा लागलेल्यांपैकी कोणी आपल्या नात्यात आहेत काय? त्यांची हकिगत घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकून मुलांनी लिहून काढावी.

३. जत्रेच्या समितीने आपल्या घरातील सदस्यास पूजेचा मान देऊ केला तर तो कोणत्या शब्दांत नाकारावा, म्हणजे प्रतिज्ञाही राहील व मनही दुखणार नाही? दोन-तीन वाक्ये तयार करा आणि मोठ्याने म्हणून पाहा.

४. मागच्या निवडणुकीत आपण ज्याला मत दिले, त्याचे एक काम सांगा. सांगता आले नाही तर का दिले, ते सांगा.

भवतु सब्ब मंगलं.